दर त्यांच्या हाती, युनिट आपल्या हाती

महिन्याचा पहिला आठवडा सरला, की बेळगावच्या उद्यमबागेतील लहान कारखान्यांत एकाच कागदाची वाट पाहिली जाते. कामगारांचे पगार झालेले असतात, बँकेचा हप्ता ठरलेला असतो, भंगाराच्या व्यापाऱ्याला चार दिवस थांबा म्हणून सांगता येते. वीजबिलाला मात्र थांबवता येत नाही, आणि ते किती येईल याचा नेमका अंदाजही करता येत नाही. ओतकामाच्या धंद्यात मोठ्या गिऱ्हाइकाने ठरवून दिलेला भाव सहसा वर्षभर बदलत नाही. विजेचा दर मात्र मध्येच बदलतो. या दोहोंच्या कात्रीत जो सापडतो, तो बहुधा आपल्याच ओळखीचा, दोन पिढ्यांचा कारखाना चालविणारा मनुष्य असतो. त्याचा मुलगा अभियंता होऊन पुण्याला किंवा बंगळूरला नोकरीस लागलेला असतो, आणि हा धंदा पुढे चालवायचा की जागा विकून मोकळे व्हायचे, असा प्रश्न रात्रीच्या जेवणावर निघत असतो. वीजबिलाचा विषय घरगुती मासिकात कशाला, असे कोणास वाटल्यास त्याचे उत्तर या प्रश्नातच आहे.

बेळगावचा यंत्रांशी संबंध जुना आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलीचे दुकान काढले ते याच गावी. कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर यांचा उद्योग पुढे १९१० साली किर्लोस्करवाडीस गेला, पण लोखंडाची विद्या येथे राहिली. त्याच जिल्ह्यात गोकाकला घटप्रभेच्या धबधब्याच्या जोरावर एकोणिसाव्या शतकातच सूतगिरणी चालू लागली होती. पाण्याची, विजेची आणि लोखंडाची ही परंपरा आज पंप, झडपा व मोटारगाड्यांचे ओतीव भाग बनविणाऱ्या कारखान्यांत टिकून आहे. इंदूरलाही ओतकामाचा असाच जुना व्यवसाय आहे. म्हणून या लेखातील उदाहरणे प्रामुख्याने ओतकामाची घेतली आहेत. तथापि पिठाची गिरणी, छापखाना, खानावळ किंवा कापडाचे दुकान चालविणाऱ्यासही त्यांतील बहुतेक गोष्टी लागू पडतील.

सरकारची मदत आणि तिची मर्यादा

मे २०२३ मध्ये कर्नाटक विद्युत नियामक आयोगाने विजेच्या दरात सरासरी ७० पैसे प्रतियुनिट वाढ मंजूर केली. जूनमध्ये बिले हाती पडताच हुबळी व बेळगाव भागांतील उद्योजक रस्त्यावर उतरले. निवेदने दिली गेली, मोर्चे निघाले. त्याच वर्षी कर्नाटक शासनाने दहा अश्वशक्तीपर्यंतच्या यंत्रमागांना ठरावीक मर्यादेपर्यंत विनामूल्य वीज देण्याचे जाहीर केले. शहापूर, वडगाव, खासबाग येथे घरातच माग चालविणाऱ्या विणकर कुटुंबांना तो मोठाच आधार होता. पलीकडच्या गल्लीतील लेथवाल्यास मात्र त्यातून काही मिळाले नाही.

शासकीय मदतीचा स्वभावच असा असतो. विजेचा दर नियामक आयोग ठरवितो. एखाद्या वर्गाला त्याहून कमी दराने वीज द्यावी असे राज्य शासनास वाटल्यास सवलतीची रक्कम त्याने वितरण कंपनीस आगाऊ द्यावी, असे २००३ च्या विद्युत कायद्याचे ६५ वे कलम सांगते. म्हणजे सवलत ही राज्याच्या तिजोरीवर आणि त्या त्या वर्षीच्या अंदाजपत्रकावर अवलंबून असते. ती कोणास मिळेल, किती अश्वशक्तीपर्यंत आणि किती युनिटांपर्यंत मिळेल, हे ठरविणे आपल्या हाती नसते, आणि ती पुढील वर्षी राहील याची हमीही नसते.

श्रीमंत देशांतही याहून वेगळे घडलेले नाही. युक्रेनच्या युद्धानंतर युरोपात वायू आणि वीज भयंकर महागली, तेव्हा ब्रिटिश सरकारने १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकाने, कारखाने व संस्था यांच्यासाठी सहा महिने विजेच्या घाऊक किमतीला २११ पौंड प्रति मेगावॉट-तास अशी मर्यादा घालून दिली आणि वरचा भार स्वतः उचलला. ३१ मार्च २०२३ ला ती योजना संपली. तिच्या जागी आलेली सवलत पुष्कळच लहान होती, आणि तीही ३१ मार्च २०२४ ला बंद झाली. ज्यांनी त्या काळात आपला विजेचा वापर कमी करून घेतला, त्यांच्यापाशी सवलत संपल्यावरही काही उरले. ज्यांनी केवळ सवलतीवर दिवस काढले, त्यांच्यापुढे जुनाच प्रश्न पुन्हा उभा राहिला.

यावरून सवलती मागू नयेत असा अर्थ कोणी काढू नये. त्या मागाव्यात, मिळतील त्या घ्याव्यात. परंतु सवलत दर कमी करते, युनिट कमी करीत नाही, हे ध्यानात ठेवावे.

एक साधा हिशेब

एका लहान ओतकामाच्या कारखान्यात महिन्याला शंभर टन लोखंड वितळते, असे समजू. विजेच्या इंडक्शन भट्टीवर टनामागे ७०० युनिट लागतात. हिशेबाच्या सोयीसाठी दर सात रुपये धरला, तर वितळण्याची वीज ७०,००० युनिट आणि तिचे मोल ४ लाख ९० हजार रुपये झाले. आता दर ७० पैशांनी वाढला, तर तेवढ्याच कामाला ५ लाख ३९ हजार रुपये लागतील. म्हणजे महिन्याला ४९ हजारांचा खड्डा.

परंतु हाच कारखानदार टनामागे ७०० ऐवजी ६०० युनिटांवर आला, तर ६०,००० युनिटांना वाढीव ७ रुपये ७० पैसे दराने ४ लाख ६२ हजार रुपये होतात. दर वाढूनही बिल पूर्वीपेक्षा २८ हजारांनी कमी! मोर्चा काढून दरवाढ सर्वस्वी मागे घ्यायला लावली असती, तरी त्याचे बिल ४ लाख ९० हजारांच्या खाली आले नसते.

सहाशे ही काही स्वप्नातील संख्या नव्हे. लोखंड वितळवून ओतण्याजोगे तापविण्यास केवळ उष्णतेच्या हिशेबाने टनाला चारशेच्या आतच युनिट पुरतात. चांगल्या चालणाऱ्या भट्ट्यांवर साडेपाचशे ते साडेसहाशे लागतात, आणि जेथे लक्ष नाही तेथे सातशेच्या वर जातात. मधली वीज हवेत आणि भट्टीला थंड ठेवणाऱ्या पाण्यात जाते.

ती कोठे जाते, हे पाहण्यास मोठे यंत्र लागत नाही. भट्टीचे झाकण उघडे ठेवले, की दीड हजार अंशांच्या रसाच्या एक चौरस मीटर पृष्ठभागातून शंभराहून अधिक किलोवॉट उष्णता बाहेर फेकली जाते. साचे तयार नाहीत म्हणून रस अर्धा तास धरून ठेवला, तर ती सगळी वीज वाया गेली. म्हणून साच्यांचे काम आणि भट्टीचे काम यांचा मेळ घालणे ही पहिली बचत. दुसरी गोष्ट भंगाराची. गंजलेले भंगार आणि वाळू चिकटलेले परतीचे तुकडे तसेच भट्टीत टाकले, तर लोखंडाबरोबर वाळूही तापवावी व वितळवावी लागते, आणि तिचा मळ वेगळा काढावा लागतो. वाळू आधी झाडून काढली, तर वीजही वाचते आणि भट्टीचे अस्तरही अधिक टिकते. तिसरी गोष्ट सदोष मालाची. शंभरांतील दहा नग फुकट गेले, तर त्या दहांसाठी जाळलेली वीजही फुकट गेली. नग कमी फुकट जाणे ही विजेचीच बचत होय, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही, कारण वीजबिलावर तसे कोठे लिहिलेले नसते.

बिल वाचावे कसे

आपल्यापैकी अनेकांच्या हाती येणारे बिल मराठीत नसते. बेळगावास ते कानडीत किंवा इंग्रजीत असते, इंदुरास हिंदीत, बडोद्यास गुजरातीत. शेवटचा आकडा तेवढा पाहून बिल भरून टाकण्याची सवय त्यामुळेही लागली असावी. वस्तुतः पाहण्यासारखे त्यात पाच आकडे असतात, आणि ते एकदा कोणाकडून समजून घेतले की जन्माचे काम होते.

पहिला आकडा मंजूर भाराचा. जितका भार मंजूर करून घेतला, त्यानुसार स्थिर आकार द्यावा लागतो, मग यंत्रे चालोत वा न चालोत. वडिलांच्या वेळी घेतलेला भार आज निम्म्या यंत्रांवर काम चालू असतानाही तसाच राहिलेला असतो. तो अर्ज करून कमी करता येतो. उलट मंजुरीपेक्षा अधिक भार ओढला तर दंड बसतो. दोन मोठी यंत्रे एकाच वेळी सुरू न करता पंधरा मिनिटांच्या अंतराने सुरू केली, तरी महिन्याचा उच्चांक खाली राहण्यास मदत होते.

दुसरा आकडा प्रत्यक्ष वापरलेल्या युनिटांचा. तिसरा इंधनखर्चाच्या समायोजनाचा. तो कोळशाच्या व खरेदी केलेल्या विजेच्या किमतीप्रमाणे वरखाली होतो. चौथा वीजकराचा.

पाचवा आकडा शक्तिगुणकाचा, ज्याला कारखान्यात सारे पॉवर फॅक्टर म्हणतात. हातगाडी समोरून सरळ ओढली तर सगळे बळ गाडीला लागते. दोर तिरपा धरून ओढली तर बळ तेवढेच लावूनही गाडी कमी चालते. मोटरी व वेल्डिंगची यंत्रे विजेचा दोर असा तिरपा धरतात. समजा, खरे काम ८० किलोवॉटचे आहे. शक्तिगुणक ०.८० असेल तर त्यासाठी १०० केव्हीए भार लागतो, आणि ०.९८ असेल तर सुमारे ८२ केव्हीए पुरतो. योग्य जागी कपॅसिटर बसविले की दोर सरळ होतो. शक्तिगुणक घसरल्याचा अधिभार बिलात दिसत असेल, तर दुसरे काही करण्यापूर्वी हे काम करावे. जुने कपॅसिटर बसविलेले असले तरी ते निकामी झालेले नाहीत ना, हे वायरमनकडून वर्षातून एकदा तपासून घ्यावे.

याशिवाय आता वेळेचाही आकडा आला आहे. केंद्र शासनाने २०२३ साली केलेल्या नियमांनुसार दहा किलोवॉटहून अधिक मागणी असलेल्या व्यापारी व औद्योगिक ग्राहकांसाठी दिवसाच्या वेळेप्रमाणे दर लावण्यास १ एप्रिल २०२४ ही मुदत घालण्यात आली. उन्हाच्या तासांत वीज स्वस्त, संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी महाग, असे त्याचे तत्त्व आहे. आपल्या राज्याच्या आयोगाने कोणते तास ठरविले आहेत ते पाहून जे काम दुपारी उरकता येईल ते संध्याकाळवर ठेवू नये.

हवा, मोटर आणि पंखा

कारखान्यातील सर्वांत महाग वस्तू कोणती, असे विचारल्यास कोणी वाऱ्याचे नाव घेणार नाही. पण काँप्रेसरमधून येणारी दाबाची हवा विजेच्या हिशेबाने फार महाग पडते. सात बार दाबाच्या नळीला तीन मिलिमीटरचे एक भोक असेल, तर ते भरून काढण्यासाठी काँप्रेसरला साधारण तीन किलोवॉट अधिक लागतात. दहा तासांचे तीस युनिट, पंचवीस दिवसांचे साडेसातशे. सात रुपये दराने एका भोकाचे महिन्याला सव्वापाच हजार रुपये झाले. सुट्टीच्या दिवशी यंत्रे बंद ठेवून फक्त काँप्रेसर चालू करावा आणि कारखान्यातून कान देऊन हिंडावे. जेथे फुसफुस ऐकू येईल तेथे खडूने खूण करावी आणि दुसऱ्या दिवशी तेवढे सांधे बदलावेत. शिवाय कामाला सहा बार दाब पुरत असेल तर सात ठेवू नये. एक बार दाब कमी केल्याने काँप्रेसरची सुमारे सहा ते सात टक्के वीज वाचते. ओतकाम झाल्यावर अंगावरची धूळ याच हवेने झटकण्याची खोड तर विजेलाही महाग आणि डोळ्यांनाही घातक.

जळालेली मोटर पुन्हा पुन्हा भरून आणणे हा आपल्या काटकसरीचा एक प्रकार आहे, पण ती काटकसर नेहमीच खरी असते असे नाही. दहा अश्वशक्तीची मोटर पूर्ण भाराने रोज दहा तास, वर्षाला तीनशे दिवस चालली, तर सात रुपये दराने एका वर्षात पावणेदोन लाखांहून अधिक रुपयांची वीज खाते. मोटरची स्वतःची किंमत त्यापुढे थोडकीच असते. जुन्या आयई-१ वर्गाच्या मोटरची कार्यक्षमता ८६ टक्क्यांच्या आसपास, तर आयई-३ वर्गाच्या मोटरची ९० टक्क्यांच्या थोडी वर असते. एवढ्याशा फरकाने वर्षाला साडेबाराशे युनिट वाचतात. त्यातून दोनतीनदा भरलेली मोटर मूळच्यापेक्षाही अधिक वीज ओढण्याचा संभव असतो. म्हणून पुढची मोटर जळेल तेव्हा भरून आणण्यापूर्वी हा हिशेब कागदावर मांडून पाहावा. पिठाच्या गिरणीवाल्याने याबरोबरच पट्टा सैल नाही ना, हेही पाहावे.

दुकानदारांसाठी पंख्याचा हिशेब पुरे. साधा छताचा पंखा ७५ वॉटच्या आसपास वीज घेतो, नवा बीएलडीसी पंखा सुमारे ३० वॉट. दहा पंखे बारा तास चालले तर रोजचे साडेपाच युनिट वाचतात, महिन्याचे दीडशेच्या आसपास. वातानुकूलन यंत्राचे तापमान एका अंशाने वर ठेवले तर त्याची सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे केंद्रीय ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. अठरावर ठेवून अंगावर शाल घेऊन बसणाऱ्या मालकाने याचा विचार करावा.

आता मदत कोणती घ्यावी

युनिट कमी करण्यासाठीही शासकीय मदत असते. ती दराच्या सवलतीइतकी गाजत नाही, एवढेच. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानुसार १ मार्च २००२ ला वरील ब्युरो स्थापन झाला. या ब्युरोने संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संस्थेबरोबर लघुउद्योगांसाठी जो प्रकल्प राबविला, त्यात ओतकामासाठी देशातील तीन गावे निवडली होती : बेळगाव, इंदूर आणि कोइंबतूर. तिघांपैकी दोन गावे आपल्या वाचकांची! वीज कोठे वाया जाते हे मोजण्याची आणि सुधारणा करून पाहण्याची विद्या म्हणून आपल्या दारापर्यंत पूर्वीच आलेली आहे. शेजारच्या कारखान्यात जाऊन विचारण्याचाच काय तो संकोच.

जुलै २०२५ मध्ये याच ब्युरोची एडीईईटीआयई या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी एक हजार कोटी रुपयांची योजना सुरू झाली. वीज वाचविणारी यंत्रे घेण्यासाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजात सूक्ष्म व लघुउद्योगांना पाच टक्के आणि मध्यम उद्योगांना तीन टक्के सूट, असे तिचे स्वरूप आहे. चौदा उद्योगक्षेत्रांत ओतकाम, कापड आणि अन्नप्रक्रिया यांचा समावेश आहे. पहिल्या टप्प्यात साठ औद्योगिक केंद्रे घ्यावयाची असल्याने आपले गाव त्यात येते की नाही, हे प्रथम विचारून घ्यावे. उद्यम नोंदणी, मागील वर्षाची बिले आणि कर्जाचे कागद एका फाइलीत तयार असले, तर अशा योजनेची मुदत संपण्याआधी अर्ज करता येतो. पुष्कळांची मदत कागदांच्या अभावी हुकते, पात्रतेच्या अभावी नव्हे.

दुकानाच्या वर राहणाऱ्या कुटुंबांनी आणखी एक लक्षात ठेवावे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेतील ७८ हजार रुपयांपर्यंतचे अनुदान फक्त घरगुती जोडणीस आहे, दुकानाच्या जोडणीस नाही. घराचे आणि दुकानाचे मीटर वेगळे असतील तरच घरापुरता तिचा लाभ मिळू शकेल.

दराच्या बाबतीतही आपण अगदीच हतबल नाही. दर ठरण्यापूर्वी प्रत्येक राज्याचा आयोग हरकती मागवितो आणि जाहीर सुनावणी घेतो. दर वाढल्यावर मोर्चास शेकडो जमतात. सुनावणीच्या दिवशी व्यापारी संघाने हिशेबाचे दोन कागद घेऊन एक माणूस पाठविला, तर त्याचे म्हणणे नोंदले जाते आणि आयोगाला आपल्या आदेशात त्याचा विचार करावा लागतो.

शेवटी एक सूचना. या महिन्याचे बिल आले की शंभर पानी वहीच्या पहिल्या पानावर तीन आकडे लिहावेत : किती युनिट जळाले, किती माल तयार झाला, आणि एका टनामागे, एका पोत्यामागे किंवा एका साडीमागे किती युनिट पडले. दर महिन्याला तेवढेच लिहावे. हे काम घरातील कोणीही करू शकेल. सुट्टीत घरी आलेल्या त्या अभियंता मुलाकडे ही वही द्यावी. सहा महिन्यांचे आकडे समोर असले, म्हणजे धंदा पुढे चालवायचा की जागा विकायची, या प्रश्नाचे उत्तर शोधताना केवळ मनाच्या उद्वेगावर विसंबावे लागणार नाही.